मीठ धरून ठेवणारी ग्रंथी

‘डॉक्टर, ह्यांच्या गोळ्या मी स्वतः मोजून हातावर ठेवते. एकही चुकत नाही. लोणचं-पापड ताटातून कधीच काढून टाकलंय. तरी दर वेळी तुम्ही विचारता, गोळ्या वेळेवर घेता ना?’

जुळे सोलापुरातील दवाखान्यात बसून रक्तदाबाचे रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरला हे वाक्य निरनिराळ्या घरांतून, निरनिराळ्या स्वरांत ऐकू येते. पुढे ज्या गृहस्थांविषयी लिहीत आहे, ते कोणी एक नव्हेत. अनेक घरांतील अनुभव एकत्र करून हे चित्र रेखाटले आहे. वय त्रेचाळीस. देहयष्टी बेताची, व्यसन नाही. रोज पहाटे विजापूर रस्त्यावरील धर्मवीर संभाजी तलावापर्यंत चालत जाण्याचा नेम. रक्तदाबाच्या तीन प्रकारच्या गोळ्या सुरू, आणि तरीही यंत्रावरील आकडा १६८/१०४.

आणखी तीन तक्रारी होत्या. पण त्यांचा रक्तदाबाशी संबंध असेल असे घरात कोणालाच वाटले नव्हते. रात्री पोटऱ्यांत गोळे येत. लघवीसाठी तीन वेळा उठावे लागे. दुसऱ्या मजल्यावर चढताना मांड्या भरून येत आणि मध्येच थांबावे लागे. लघवीच्या तक्रारीवरून मधुमेहाची तपासणी झाली. ती ठीक निघाली. गोळ्यांना ‘कॅल्शियम कमी असेल’ म्हणून वाटेला लावले गेले. आणि जिना चढताना थांबण्याला घरात एक सोपे नाव मिळाले होते : आळस.

रक्तातील पोटॅशियम तपासले, तेव्हा आकडा आला २.९. तो साधारणपणे ३.५ ते ५ या मर्यादेत असावा लागतो. या एका आकड्याने चारही तक्रारी एका सूत्रात ओवल्या. त्या सूत्राचा उगम मूत्रपिंडाच्या माथ्यावर बसलेल्या एका लहानशा ग्रंथीत होता.

दोन छोट्या टोप्या

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी असते. तिला अधिवृक्क किंवा अॅड्रिनल ग्रंथी म्हणतात. वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम. तथापि तिच्या कवचात तयार होणाऱ्या संप्रेरकांवाचून माणूस जगू शकत नाही. कवचाच्या सर्वांत बाहेरच्या थरात अल्डोस्टेरोन नावाचे संप्रेरक तयार होते. त्याचे मुख्य काम एकच : शरीरातील मीठ वाया जाऊ न देणे.

मूत्रपिंडे दिवसभरात सुमारे १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातील बहुतेक सर्व परत शोषून घेतात. लघवीवाटे बाहेर पडतो तो दीड-दोन लिटर. या शोषणाच्या शेवटच्या टप्प्यावर अल्डोस्टेरोनचा पहारा असतो. त्याच्या हुकमाने मूत्रनलिका सोडियम आत ओढते आणि त्याच्या बदल्यात पोटॅशियम बाहेर टाकते. सोडियमच्या मागोमाग पाणी येते, रक्ताचे आकारमान वाढते आणि रक्तदाब चढतो.

एरवी या पहारेकऱ्यावरही देखरेख असते. रक्तदाब उतरला किंवा शरीरातील मीठ-पाणी कमी झाले की मूत्रपिंड रेनिन नावाचा पदार्थ रक्तात सोडते. रेनिनमुळे पुढील साखळी सुरू होऊन अल्डोस्टेरोन वाढते. मीठ-पाणी पुरेसे झाले की रेनिन थांबते आणि अल्डोस्टेरोनही उतरते. सोलापूरच्या वैशाखात पारा चाळिशी ओलांडतो, अंगाला घामाच्या धारा लागतात आणि तरीही आपण सहसा कोसळत नाही, याचे बरेचसे श्रेय याच यंत्रणेला आहे. उष्म्यात काही दिवस काढले की घामातील मिठाचे प्रमाणही ती कमी करते.

बिघाड होतो तो ग्रंथी हुकूम ऐकेनाशी झाल्यावर. रेनिन जवळजवळ शून्यावर आलेले असते, शरीरात मीठ पुरेसे असते, आणि तरीही अल्डोस्टेरोन पाझरत राहते. या विकाराला प्रायमरी अल्डोस्टेरोनिझम किंवा कॉन सिंड्रोम म्हणतात. बहुतेक रुग्णांत कारण दोहोंपैकी एक असते : एका ग्रंथीत वाढलेली छोटी, कर्करोग नसलेली गाठ, किंवा दोन्ही ग्रंथींच्या पेशींची अतिरिक्त वाढ आणि क्रियाशीलता.

येथे एक गैरसमज दूर करायला हवा. ‘अंगात पाणी साठत असेल तर पाय सुजायला हवेत’, असे आपल्याला वाटते. या विकारात बहुधा सूज येत नाही. काही दिवसांनी मूत्रपिंड जादा मीठ दुसऱ्या वाटेने बाहेर सोडू लागते आणि एक नवा तोल साधते. हा तोल मात्र वरच्या पातळीवरच्या रक्तदाबाचा असतो. सूज नसल्यामुळे आजारही दिसत नाही.

पोटॅशियम उतरले की स्नायू थकतात, गोळे येतात, छातीत धडधडते. मूत्रपिंडाची लघवी घट्ट करण्याची शक्ती कमी होते, म्हणून रात्री उठावे लागते आणि तहान लागते. आमच्या गृहस्थांच्या ‘आळसाचा’ उलगडा असा झाला.

एका प्राध्यापकाची चिकाटी

अल्डोस्टेरोन हे द्रव्य १९५३ साली वेगळे काढण्यात आले. त्यात लंडनमधील सिल्व्हिया सिम्प्सन व जेम्स टेट या संशोधकांचा मोठा वाटा होता. त्या सुमारास अमेरिकेत मिशिगन विद्यापीठात डॉ. जेरोम कॉन काम करीत होते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात त्यांनी एका प्रश्नाचा अभ्यास केला होता : उष्ण व दमट प्रदेशात गेलेले सैनिक तेथील हवेला कसे सरावतात? सरावलेल्या माणसाच्या घामातून व लघवीतून मीठ कमी जाते, आणि त्यामागे अॅड्रिनल ग्रंथीचा हात असावा, हे त्यांच्या ध्यानात आले होते.

१९५४ साली त्यांच्यापुढे ३४ वर्षांची एक स्त्री आली. कित्येक वर्षे तिला स्नायूंचा अशक्तपणा होता, पेटके येत, मधूनमधून पाय लुळे पडत. रक्तदाब जास्त होता आणि पोटॅशियम फार कमी. सैनिकांच्या घामावर काम केलेल्या कॉन यांना हे कोडे ओळखीचे वाटले. मीठ वाचवणारे संप्रेरक गरज नसताना वाहत आहे, असे निदान त्यांनी केले. त्या वर्षी डिसेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली. उजव्या ग्रंथीत सुमारे चार सेंटिमीटरची गाठ सापडली. ती काढल्यावर पोटॅशियम आणि रक्तदाब दोन्ही ताळ्यावर आले. १९५५ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला.

पुढे कॉन यांनी असे मत मांडले की, कारण सापडत नाही म्हणून ज्याला आपण ‘नेहमीचा’ रक्तदाब म्हणतो, त्यातील बऱ्याच रुग्णांत हाच विकार दडलेला असावा. त्या काळी ते अनेकांना पटले नाही. पोटॅशियम घसरल्याखेरीज हा आजार असूच शकत नाही, अशी समजूत रूढ झाली आणि तो दुर्मीळ विकारांच्या पानावर जाऊन बसला. १९८०नंतर रक्तातील अल्डोस्टेरोन व रेनिन यांचे गुणोत्तर काढण्याची पद्धत रुळली, तेव्हा चित्र पालटले. आज असे दिसते की, उच्च रक्तदाबाच्या सरसकट रुग्णांत शंभरांपैकी पाच ते दहा जणांना, आणि तीन-तीन औषधांना दाद न देणाऱ्यांत पाचांपैकी एकापर्यंत हा विकार असू शकतो. त्यातील निम्म्याहून अधिक रुग्णांचे पोटॅशियम अगदी ठीक असते.

निदान लवकर का हवे?

‘रक्तदाब शेवटी रक्तदाबच, चौथी गोळी द्या आणि सोडा’, असे कोणी म्हणेल. ते चालणार नाही. अल्डोस्टेरोनचा अतिरेक रक्तदाबाव्यतिरिक्तही हानी करतो. हृदयाचा स्नायू व रक्तवाहिन्या कडक करतो, मूत्रपिंडावर ताण आणतो. अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा २०१८ साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या रक्तदाबाच्या रुग्णांशी तुलना करता, या रुग्णांत पक्षाघाताची शक्यता सुमारे अडीच पट आणि हृदयाचे ठोके अनियमित होण्याची सुमारे साडेतीन पट आढळली. त्रेचाळिशीतल्या कमावत्या माणसाच्या घरात या आकड्यांचा अर्थ काय होतो, हे सांगायला नको. सुदैवाने रक्तदाबाच्या ज्या थोड्या प्रकारांत मूळ कारणावरच उपचार करता येतो, त्यांपैकी हा एक आहे.

कोणी तपासून घ्यावे?

अंतःस्रावी विकारतज्ज्ञांच्या ‘एंडोक्राइन सोसायटी’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२५च्या मार्गदर्शक सूचनांत तर उच्च रक्तदाबाच्या प्रत्येक रुग्णाची ही तपासणी करावी, असे सुचवले आहे. आपल्याकडे ते लगेच सर्वांना शक्य होईल असे नाही. निदान पुढील व्यक्तींनी आपल्या डॉक्टरांकडे हा विषय जरूर काढावा :

• तीन औषधे पूर्ण मात्रेत घेऊनही ज्यांचा रक्तदाब आटोक्यात येत नाही.
• ज्यांचे पोटॅशियम आपोआप, किंवा लघवीच्या गोळीने फार लवकर, घसरते.
• ज्यांना तरुणपणीच रक्तदाब जडला, किंवा ज्यांच्या घरात चाळिशीच्या आत कोणाला पक्षाघात झाला.
• ज्यांच्या पोटाच्या सोनोग्राफी वा सीटी स्कॅनमध्ये अॅड्रिनलची गाठ योगायोगाने आढळली.
• रक्तदाबासह ज्यांना झोपेत श्वास अडकण्याचा विकार किंवा हृदयाचे अनियमित ठोके आहेत.
• ज्यांच्या सख्ख्या नातलगांत हा विकार सिद्ध झाला आहे.

या ग्रंथीमुळे रक्तदाब वाढवणारे आणखी दोन आजार आहेत. डोके भयंकर दुखणे, दरदरून घाम आणि धडधड यांचे झटके येत असतील, तर ग्रंथीच्या गाभ्यातील फिओक्रोमोसायटोमा या गाठीचा विचार करावा लागतो. चेहरा गोल होणे, पोटावर जांभळे पट्टे उमटणे, त्वचेवर सहज काळे-निळे डाग पडणे ही लक्षणे कॉर्टिसॉल वाढल्याची असू शकतात. त्यांच्या तपासण्या वेगळ्या आहेत.

तपासणीच्या पायऱ्या

पहिली पायरी अगदी साधी : सकाळी उठून दोन तास हिंडून-फिरून झाल्यावर, थोडा वेळ बसवून हातातून रक्त घेतात आणि त्यात अल्डोस्टेरोन, रेनिन व पोटॅशियम मोजतात. रेनिन दबलेले आणि अल्डोस्टेरोन चढलेले असेल तर संशय पक्का होतो. पोटॅशियम कमी असल्यास ते आधी भरून काढावे लागते. नाहीतर अल्डोस्टेरोन खोटेच कमी दिसते. तपासणीपूर्वी मीठ एकदम तोडू नये, त्यानेही उत्तर फसते.

रक्तदाबाच्या अनेक गोळ्या या आकड्यांवर परिणाम करतात. काही रेनिन वाढवतात, काही दाबतात. म्हणून चालू औषधांची पूर्ण यादी डॉक्टरांना दाखवावी. एखादी गोळी बदलायची किंवा आहे त्याच औषधांवर तपासणी करून अर्थ लावायचा, हे त्यांनी ठरवावे. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करून प्रयोगशाळेत जाणे जिवावर बेतू शकते. हे वाक्य पुन्हा एकदा वाचावे, अशी विनंती आहे.

दुसरी पायरी खात्री करण्याची. एका पद्धतीत चार तासांत दोन लिटर सलाइन शिरेवाटे देतात. निरोगी माणसात इतके मीठ आत गेल्यावर अल्डोस्टेरोन उतरायला हवे. ते उतरले नाही, तर ग्रंथी हुकूम मानत नाही हे सिद्ध होते. हृदय वा मूत्रपिंड कमकुवत असलेल्यांना ही चाचणी देत नाहीत.

तिसरी पायरी : दोष एका बाजूचा की दोन्ही? सीटी स्कॅन करतात; पण तो एकटा फसवतो. अतिलहान गाठ त्यात दिसत नाही, आणि दिसलेली गाठ निरुपद्रवी असू शकते. म्हणून शस्त्रक्रियेचा विचार असेल, तर बहुतेक रुग्णांत दोन्ही ग्रंथींच्या शिरांमधून थेट रक्त घेऊन तुलना करावी लागते. जांघेतून बारीक नळी घालून हे काम क्ष-किरणांच्या साहाय्याने होते. उजवीकडची शीर आखूड असते आणि शरीरातील मोठ्या शिरेला थेट मिळते. तिच्यात नळी नेमकी नेण्यासाठी कुशल व सरावलेला हात लागतो. त्यामुळे ही सोय मोजक्या मोठ्या केंद्रांतच असते, आणि सोलापूरकराला त्यासाठी बहुधा पुणे-मुंबईची वाट धरावी लागते. रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसमध्ये फायलींची पिशवी उशाशी घेऊन झोपलेली माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. जाण्यापूर्वी पहिल्या पायरीचे अहवाल गावातच पूर्ण करावेत, केंद्राशी आधी बोलून घ्यावे, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा लाभ मिळू शकेल का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे विचारावे. एक हेलपाटा तरी वाचतो.

उपचारांचे दोन रस्ते

दोष एकाच ग्रंथीत असेल आणि रुग्ण शस्त्रक्रियेस योग्य असेल, तर ती ग्रंथी दुर्बिणीतून काढतात. दुसरी ग्रंथी शरीराचे काम चालवण्यास पुरेशी असते. अपेक्षा मात्र वाजवी ठेवावी. १२ केंद्रांतील ७०५ रुग्णांच्या एका आंतरराष्ट्रीय अभ्यासात, शस्त्रक्रियेनंतर शंभरांपैकी ९४ जणांचा संप्रेरकाचा बिघाड पूर्ण दुरुस्त झाला. परंतु गोळ्यांवाचून रक्तदाब पूर्ण ठीक राहिला तो सुमारे ३७ जणांचा. आणखी ४७ जणांचा रक्तदाब सुधारला किंवा गोळ्या कमी झाल्या. रक्तदाब जितकी वर्षे अंगात मुरलेला, तितक्या रक्तवाहिन्या कडक झालेल्या; म्हणूनच निदानाला विलंब नको.

दोन्ही ग्रंथी दोषी असतील, किंवा शस्त्रक्रिया नको असेल, तर अल्डोस्टेरोनला त्याच्या कामाच्या जागीच अडवणारी औषधे देतात. स्पायरोनोलॅक्टोन ही त्यातील जुनी व स्वस्त गोळी. लहान मात्रेने सुरुवात करून ती हळूहळू वाढवतात. पुरुषांत छाती दुखणे वा वाढणे, स्त्रियांत पाळी अनियमित होणे असा त्रास होऊ शकतो. संकोचापोटी अनेक पुरुष तो सांगत नाहीत आणि गुपचूप गोळी सोडतात. सांगावे, इप्लेरेनोनसारखा पर्याय उपलब्ध आहे. गरोदरपण असल्यास किंवा त्याचा विचार असल्यास डॉक्टरांना आधीच कल्पना द्यावी.

या गोळ्यांनी पोटॅशियम उलट वाढू शकते, आणि वाढलेले पोटॅशियम हृदयाला घातक असते. म्हणून गोळी सुरू केल्यावर व मात्रा बदलल्यावर पोटॅशियम आणि क्रिएटिनिन तपासणे अनिवार्य आहे. उन्हाळ्यात उलट्या-जुलाब झाले, अंगातले पाणी आटले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवून गोळीबद्दल विचारावे.

आपल्या स्वयंपाकघरातील गोष्टी

जादा अल्डोस्टेरोनची बरीच हानी मिठाच्या संगतीने होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते प्रौढ माणसाने दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा, म्हणजे एका सपाट चमच्यापेक्षा, कमी मीठ खावे. सोलापुरी ताटात कडक भाकरी आणि शेंगांची चटणी असणारच. ती वर्ज्य करण्याची गरज नाही. चटणी घरी कुटताना मीठ निम्मे करावे, लसूण-तिखट बोलू द्यावे. भाकरीच्या पिठातले मीठ वगळले तरी दोन आठवड्यांत जीभ सरावते. पापडातील मिठाबरोबर पापडखारातही सोडियम असते, हे विसरू नये. सैंधव ‘चालते’ ही समजूत चुकीची आहे; तेही मुख्यत्वे सोडियम क्लोराइडच.

बाजारातील ‘कमी सोडियमच्या’ मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेले असते. स्पायरोनोलॅक्टोन किंवा तत्सम गोळ्या घेणाऱ्यांनी ते डॉक्टरांना न विचारता मुळीच वापरू नये. रोज शहाळ्याचे पाणी पिण्याबाबतही हीच सावधगिरी.

तिसरी गोष्ट ज्येष्ठमधाची. खोकल्यासाठी एखादा दिवस कांडी चघळली तर बहुतेकांना बाधत नाही. परंतु ‘नैसर्गिक आहे’ म्हणून आठवडेच्या आठवडे ज्येष्ठमधाची पूड वा काढा घेतला, तर हुबेहूब याच विकारासारखे चित्र उभे राहते : रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरते. त्यातील ग्लिसिरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडातील एका विकराला निष्प्रभ करते, आणि मग शरीरातील कॉर्टिसॉलच अल्डोस्टेरोनचे काम करू लागते. म्हणून औषधांची यादी सांगताना काढे, चूर्णे, गुटी यांचीही नावे सांगावीत. आजी देते म्हणून ते औषध नाही, असे होत नाही.

विश्वासाचे औषध

आमच्या गृहस्थांकडे पुन्हा वळू. त्यांच्यासारख्या रुग्णांना निदान कळल्यावर पहिला प्रश्न बहुधा ‘शस्त्रक्रिया लागेल का?’ हा नसतो. ते पत्नीकडे पाहतात आणि म्हणतात, ‘बघ, मी सांगत होतो ना.’ कित्येक वर्षे डॉक्टरांनी त्यांच्यावर गोळ्या चुकवल्याचा संशय घेतलेला असतो, घरच्यांनी आळसाचा, आणि शेवटी त्यांनी स्वतःच स्वतःवर. पथ्य पाळणाऱ्या माणसाला ‘पाळत नाहीस’ असे वारंवार ऐकावे लागते, तेव्हा तो एके दिवशी खरोखरच पाळणे सोडतो. हा धोकाही लहान नाही.

रक्तदाब न उतरण्याचे सर्वांत मोठे कारण आजही अनियमित औषधे व मीठ हेच आहे. ते आधी तपासलेच पाहिजे. पण एकदा प्रामाणिकपणे तपासून झाले की प्रश्न पुढे न्यायला हवा. वाचकहो, पुढच्या भेटीला जाताना आठवडाभर घरी मोजलेले रक्तदाबाचे आकडे, चालू औषधांची यादी, आणि शेवटचा पोटॅशियमचा अहवाल कधीचा आहे ते एका कागदावर लिहून न्या. आणि नम्रपणे एवढेच विचारा : ‘डॉक्टर, अल्डोस्टेरोन आणि रेनिन एकदा तपासून पाहूया का?’